जुन्या चित्रकथा, कथाचित्रे आणि भूमिकानाट्याचा खेळ : सर्जनप्रेरणेच्या एका उदाहरणाचा अभ्यास

प्रस्तावना

मुद्रित चित्रकथा, म्हणजेच कॉमिक्स, हा प्रकार आपल्याकडील विद्यापीठीय अभ्यासात अजूनही ओसरीवरच थांबलेला आहे. बालवाङ्मयाच्या प्रकरणात एखाद्या परिच्छेदापुरता त्याचा उल्लेख होतो आणि विषय संपतो. कथा-कादंबऱ्यांसोबत छापली जाणारी चित्रे 'सजावट' या एका शब्दात आटोपली जातात. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन कल्पनेत खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेमचे, म्हणजे भूमिकानाट्याच्या खेळाचे, तर नावही अनेक अभ्यासकांच्या कानावरून गेलेले नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आणि त्या गुंतवणुकीतून एक नवा कलाव्यवहार जन्माला आला. अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात या खेळाच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे. जुनी चित्रे आणि चित्रकथा वाचकाला नुसत्या रमवतात, की त्याच्याकडून काही नवे घडवूनही घेतात? घडवून घेत असतील, तर कोणत्या गुणामुळे? 'प्रेरणा' हा शब्द वाङ्मयचर्चेत फार सैल हाताने वापरला जातो. कोणी काय वाचले याची यादी दिली की प्रेरणेचा शोध पूर्ण झाला, असे मानण्याची प्रथा पडली आहे. यादी आणि निर्मिती यांच्या मधली वाट कशी असते, हे पाहावयाचे असेल तर या खेळाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण येथे निर्मात्यांनी आपली उसनवारी लपवलेली नाही.

खेळाचे स्वरूप

अपरिचित वाचकासाठी खेळाची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार असतो. मूळ खेळात त्याला 'डंजन मास्टर' असे नाव आहे. तो एका काल्पनिक स्थळाचे वर्णन करतो : पडका किल्ला, त्याखालचे भुयार, समोर बंद दार. उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. दार फोडायचे, कान लावून ऐकायचे की मागे फिरायचे, हे खेळाडू ठरवतो. कृतीचे फळ निश्चित नसेल तेथे फासे टाकले जातात. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाखेरीज चार, आठ, बारा आणि वीस पैलूंचे फासेही वापरले जातात. आरंभीच्या काळात हे फासे शाळांना गणिताची साधने पुरविणाऱ्या व्यापाऱ्याकडून मागवले जात. खेळाला पट असलाच पाहिजे असे नाही, आणि रूढ अर्थाने कोणी जिंकत वा हरतही नाही.

मराठी वाचकाला हे वर्णन ऐकून दशावतारी नाटकाची आठवण व्हावी. सिंधुदुर्गातील दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक आणि पात्रे ठरलेली असतात, संवाद मात्र नटाला रंगमंचावर उभे राहूनच सुचवावे लागतात. फरक असा की दशावतारात कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, आणि येथे तो कोणालाच ठाऊक नसतो; सूत्रधारालाही नाही.

रद्दीतून उभे राहिलेले विश्व

या खेळाचे दोन कर्ते. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) हे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावचे रहिवासी. काही वर्षे विमा कंपनीत नोकरी केलेले. डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) हे शेजारच्या मिनेसोटा राज्यातील. दोघेही छोट्या शिशाच्या सैनिकांनी ऐतिहासिक लढायांचे खेळ खेळणाऱ्या मंडळांत वावरत. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याला जादूगार, राक्षसी प्राणी, ड्रॅगन यांची एक पुरवणी जोडली. आर्नेसन यांनी त्याच सुमारास 'ब्लॅकमूर' या काल्पनिक प्रदेशात एकेका खेळाडूला एकेक पात्र देऊन किल्ल्याखालच्या भुयारात उतरवले. त्या कल्पनेच्या आधी सुटीच्या दिवसांत दूरदर्शनवर भयपट पाहणे आणि कोनान या रानटी वीराच्या कथा वाचणे चालले होते, असे आर्नेसन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. दोघांच्या प्रयोगांच्या संयोगातून जानेवारी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी बाहेर पडली. किंमत १० डॉलर, प्रती १०००, आणि पेट्या हातांनी जुळवलेल्या.

या पुस्तिकांमागे कोणते वाचन होते? गायगॅक्स यांनी १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड' या ग्रंथाच्या शेवटी 'अपेंडिक्स एन' म्हणून एक परिशिष्ट दिले. आज ते परिशिष्ट मूळ ग्रंथापेक्षाही अधिक चर्चिले जाते. त्यात रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, पोल अँडरसन, लव्हक्राफ्ट, टॉल्किन अशा लेखकांची नावे आहेत. पण यादी सुरू होण्यापूर्वीच्या ओळी अधिक महत्त्वाच्या आहेत. लहानपणी वडिलांनी सांगितलेल्या जादूच्या अंगठ्यांच्या आणि मंतरलेल्या तलवारींच्या गोष्टी, त्यानंतर शेकड्यांनी वाचलेली कॉमिक्स, आणि त्यांतही बंद पडलेल्या 'ईसी' कंपनीच्या कॉमिक्सचा परिणाम, हे सर्व गायगॅक्स यांनी तेथे नमूद केले आहे. नियमांच्या ग्रंथात ग्रंथकर्त्याने आपल्या स्वस्त वाचनाचे ऋण असे मान्य करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

साधी नव्हती, कारण ईसी कॉमिक्सचा शेवट गौरवाने झाला नव्हता. विल्यम गेन्स यांच्या या प्रकाशनसंस्थेने १९५० पासून 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'वीअर्ड सायन्स' यांसारखी मासिके काढली. वॉली वुड, अल विल्यमसन यांसारख्या चित्रकारांनी त्यांत दाट शाईचे, बारकाव्यांनी भरलेले काम केले. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले; कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची आचारसंहिता लादून घेतली. मुखपृष्ठाच्या शीर्षकात भय व दहशत या अर्थाचे शब्द नकोत, वेताळसदृश रक्तपिपासू नकोत, प्रेतभक्षक नकोत, लांडगा होणारा माणूस नको. ईसीची भयमासिके बंद पडली. वर्थम यांनी आपल्या पुस्तकातील पुराव्यांची मोडतोड केली होती, हे कॅरल टिली या संशोधिकेने त्यांच्याच कागदपत्रांवरून दाखवून दिले. पण ते २०१२ मध्ये, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी.

आचारसंहितेने हाकललेली ही सर्व मंडळी १९७४ च्या त्या पुस्तिकांत सापडतात : प्रेतभक्षक आहेत, रक्तपिपासू आहेत, लांडगामानव आहेत. अर्थात त्यांतील अनेक जण युरोपीय लोककथांतून आणि चित्रपटांतूनही आले. सगळे श्रेय ईसीला देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र दहा-बारा वर्षांच्या वयात ज्या मुलांच्या हातातून ही मासिके गेली, त्याच पिढीने विशी-तिशीत हा खेळ रचला, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. बंदीमुळे मासिके गेली, वाचक गेले नाहीत. पुढे १९८० च्या दशकात या खेळावरही जवळजवळ तसेच आरोप झाले, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डेमन' व 'डेव्हिल' ही नावे गाळण्यात आली. इतिहासाची ही पुनरावृत्ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

उसनवारीचे तीन प्रकार

या खेळाने बाहेरून काय घेतले, याची नोंद बारकाईने पाहिली तर उसनवारी एकाच जातीची नाही, असे आढळते. सर्वांत स्थूल प्रकार म्हणजे नक्कल. पहिल्या पुस्तिकांसाठी चित्रकाराला देण्याइतका पैसा नव्हता. ओळखीतल्या हौशी तरुणांनी चित्रे काढली. त्यांतील काही चित्रे, मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावरील योद्ध्याच्या मुखपृष्ठासह, मार्व्हल कंपनीच्या 'स्ट्रेंज टेल्स' या मासिकाच्या १९६८ मधील एका अंकावरून उतरवलेली आहेत, हे नंतर चित्रे शेजारी ठेवून दाखवण्यात आले आहे. मूळ चित्रकाराचे नाव अर्थातच कोठे नाही. आजच्या संशोधननीतीच्या परिभाषेत याला वाङ्मयचौर्य म्हणावे लागेल, आणि तसे म्हणण्यास संकोच करण्याचे कारण नाही. खेळाची पुढील कीर्ती ही त्या नकलेची सफाई होऊ शकत नाही.

दुसरा प्रकार नावांच्या उसनवारीचा. आरंभीच्या छपाईत टॉल्किन यांच्या कादंबरीतील 'हॉबिट' तसेच्या तसे होते. टॉल्किन यांच्या साहित्याचे व्यापारी हक्क असलेल्यांनी १९७७ मध्ये आक्षेप घेतला आणि हॉबिटचे 'हाफलिंग' झाले. नाव बदलले, पात्र तेच राहिले; म्हणजे येथेही निर्मिती फारशी झाली नाही.

तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे आणि खरे रहस्य त्यात आहे. जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात जादूगाराला मंत्र पाठ करून डोक्यात साठवावा लागतो आणि एकदा उच्चारला की तो विस्मरणात जातो. कथेत ही एक मौजेची कल्पना आहे. गायगॅक्स यांनी तिचा नियम केला. जादूगाराने सकाळीच ठरवायचे, आज कोणते मंत्र लागतील. चुकीचे निवडले तर दिवसभर हात चोळत बसायचे. कल्पना एका कथेत एकदाच वापरली गेली होती. नियम झाल्यावर ती लाखो टेबलांवर, प्रत्येक वेळी निराळ्या परिणामाने वापरली गेली. पोल अँडरसन यांच्या कादंबरीतील, तोडलेले अवयव पुन्हा जुळून येणारा ट्रोल असाच नियमात रूपांतरित झाला : त्याच्या जखमा प्रत्येक फेरीला भरून येतात, आग किंवा आम्ल लावल्याशिवाय तो मरत नाही.

याहून गमतीचे उदाहरण प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे आहे. हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या, प्रागैतिहासिक प्राणी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त खेळण्यांची एक पिशवी गायगॅक्स यांच्याकडे आली. त्यांतील काही आकार इतके ओबडधोबड होते की ते कोणत्याही ज्ञात प्राण्याचे नव्हते. एकाला शेपटीच्या टोकाशी पंख्यासारखे काहीतरी होते. हा प्राणी काय खात असेल, काय करत असेल, या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'रस्ट मॉन्स्टर' जन्मला. तो माणसाला इजा करत नाही, त्याचे चिलखत आणि तलवार गंजवून खातो. लोखंडावर विसंबलेल्या योद्ध्याला याहून भयंकर शत्रू कोणता असणार? त्याच पिशवीतून घुबड आणि अस्वल यांचा संकर असलेला 'आउलबेअर' आला. हे दोन्ही प्राणी १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आहेत. खेळणे उत्तम घडवलेले असते, त्यावर नाव छापलेले असते, तर हा प्रश्न पडलाच नसता.

चौकटींमधली मोकळी जागा

या तिसऱ्या प्रकाराचे स्पष्टीकरण चित्रकथेच्या रचनेत सापडते. स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या चित्ररूप ग्रंथात दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीकडे लक्ष वेधले आहे. पहिल्या चौकटीत कुऱ्हाड उगारलेली दिसते, दुसरीत केवळ रात्रीचे शहर आणि एक किंकाळी. घाव घातला जातो तो मधल्या कोऱ्या जागेत, आणि तो घालतो वाचक. चित्रकथेचा वाचक अशा रीतीने प्रत्येक पानावर अनेकदा नकळत कथाकार होतो. जुन्या कॉमिक्सच्या स्वस्त छपाईने ही जागा अधिकच रुंद केली. खरबरीत कागद, मोजके रंग, ठिपक्यांनी साधलेल्या छटा, काही पानांत उरकायची कथा. त्यामुळे पुष्कळ काही सुचवून सोडून द्यावे लागे.

भूमिकानाट्याच्या खेळाने या कोऱ्या पट्टीलाच टेबलाचे रूप दिले, असे म्हणता येईल. सूत्रधार एक चौकट सांगतो, थांबतो, आणि विचारतो : आता काय करता? वाचकाच्या मनात एकांतात होणारी क्रिया येथे चार जणांत, मोठ्याने, आणि फाशांच्या धाकात होते.

याची साक्ष एका मुखपृष्ठात उत्तम मिळते. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या नियमग्रंथाचे मुखपृष्ठ डेव्हिड ट्रॅम्पिअर यांनी रंगवले. भव्य, शिंगे असलेली, बसलेली मूर्ती. तिच्या डोळ्यांच्या जागी रत्ने. दोन माणसे मूर्तीवर चढून एक डोळा उचकटून काढत आहेत. खाली लढाई संपलेली आहे. सरड्यासारख्या प्राण्यांची प्रेते ओढून नेली जात आहेत, कोणी तलवार पुसत आहे, काही जण नकाशावर झुकले आहेत. साहसकथेचे चित्र म्हटले की ऐन घावाचा क्षण रंगवावा, हा परिपाठ. फ्रँक फ्रॅझेटा यांनी १९६६ पासून कोनानच्या पुस्तकांसाठी केलेली गाजलेली मुखपृष्ठे बहुतांशी तशीच, ऐन आवेशाची आहेत. ट्रॅम्पिअर यांनी क्षण निवडला तो नंतरचा, कामाचा, थकव्याचा. मात्र डोळा अजून निघालेला नाही. निघाल्यावर काय होईल? मूर्ती कोणाची होती? नकाशात पुढे काय आहे? रत्नाचे वाटेकरी किती? चित्र यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. खेळाचे संपूर्ण शिक्षण त्या एका मुखपृष्ठात आहे, ही अनेक खेळाडूंची भावना म्हणूनच अनाठायी वाटत नाही.

या चित्रकाराची पुढील कहाणी येथे टाळता येत नाही. ट्रॅम्पिअर 'ड्रॅगन' मासिकात १९७७ पासून 'वर्मी' ही चित्रमालिका काढत. १९८८ मध्ये कथा अर्ध्यावर असताना ती एकाएकी थांबली आणि ते या क्षेत्रातून पूर्णपणे निघून गेले. चाहत्यांनी त्यांना मृत मानले. २००२ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथील विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने रात्रपाळीच्या टॅक्सीचालकावर एक लेख छापला. तो चालक ट्रॅम्पिअर होते. पुन्हा चित्रे काढण्याच्या विनंत्यांना त्यांनी अनेक वर्षे नकार दिला. मार्च २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. हजारोंना ज्याच्या चित्राने लिहिते-रंगवते केले, त्याच्या वाट्याला त्यातून काय आले, हा प्रश्न प्रेरणेच्या चर्चेत सहसा विचारला जात नाही. 'स्ट्रेंज टेल्स'वरून उतरवलेल्या चित्रापासून येथपर्यंत एक धागा अखंड आहे : प्रेरणा घेणारे लक्षात राहतात, देणारे तळटिपेतही नसतात.

चित्रकथेतून थेट खेळ घडवल्याचीही उदाहरणे आहेत. हॅल फॉस्टर यांची 'प्रिन्स व्हॅलियंट' ही चित्रमालिका फेब्रुवारी १९३७ मध्ये वृत्तपत्रांतून सुरू झाली. तिच्यात संवादाचे फुगे नाहीत. मजकूर चित्राखाली येतो. नायक वाचकाबरोबर वयाने वाढतो, विवाह करतो, मुलांचा बाप होतो. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९८९ मध्ये तिच्यावर आधारित खेळ रचला आणि फॉस्टर यांचीच चित्रे पुस्तकभर वापरली, ती रीतसर परवान्याने. नवशिक्यांना सोपे जावे म्हणून त्यात फाशांऐवजी नाणी उडवायची आहेत. हा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'इतका पसरला नाही. परंतु नियम कमी आणि कथा जास्त, ही त्याची वृत्ती पुढील अनेक खेळकर्त्यांनी उचलली.

वाघाच्या तोंडाचा राक्षस

या खेळाच्या भटकंतीत भारतही येतो, आणि तो कसा येतो हे उद्बोधक आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या प्राणिसंग्रहात 'राक्षस' आहे. त्याआधी १९७५ मध्ये तो कंपनीच्या नियतकालिकात आला होता. चित्रात वाघाचे तोंड, अंगात श्रीमंती घरगुती झगा, आणि ओढायला पाइप. त्याला मारण्याचा उपाय म्हणजे मंतरलेला बाण. रामायणात किंवा कीर्तनात असा राक्षस कोणी पाहिलेला नाही. गायगॅक्स यांना तो १९७४ मधील 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील एका भागात भेटला होता. एका परंपरेतील शब्द, दुसऱ्या माध्यमातील उडती ओळख आणि तिसऱ्याची रेखा, यांतून हा प्राणी तयार झाला आणि आज जगभरच्या लाखो खेळाडूंना 'राक्षस' म्हणजे हाच ठाऊक आहे.

याबद्दल रागावण्यापेक्षा उलट दिशेचा व्यवहार आठवणे उपयुक्त ठरेल. ली फॉक यांचा 'फँटम' फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत अवतरला. मुंबईच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून तो भारतीय भाषांत आणला, आणि मराठीत तो 'वेताळ' झाला. मराठी माणसाला, विशेषतः तळकोकण व गोव्यात, वेताळ हा रात्री गावाची फेरी घालणारा राखणदार देव. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला आजही भाविक भल्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. फिरून फिरून देवाच्या चपला झिजतात ही श्रद्धा. कवटीच्या अंगठीचा, अमर मानला गेलेला अरण्यरक्षक त्या नावात इतका चपखल बसला की ते भाषांतर उरले नाही. मूळ कथेतील भारतीय वाचकाला खटकतील अशी काही नावेही बदलण्यात आली. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत इंद्रजालचे आठशेहून अधिक अंक निघाले.

'चांदोबा'चे उदाहरण तर प्रस्तुत विषयाच्या गाभ्यालाच भिडते. मद्रासहून १९४७ मध्ये सुरू झालेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली. शंकर या चित्रकाराने काढलेले, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेल्या विक्रमाचे स्मशानातील चित्र मराठी घरांत कित्येक वर्षे दरमहा येत राहिले. वेताळपंचविशीत मूळ कथा पंचवीस; 'चांदोबा'ने त्या चौकटीत शेकडो नव्या कथा बसवल्या. हे शक्य झाले ते चौकटीच्या रचनेमुळे. वाट, ओझे, गोष्ट, प्रश्न, मौनभंग, आणि पुन्हा झाड. दर महिन्याला कथा प्रश्नापाशी थांबे, आणि राजाचे उत्तर वाचण्याआधी घरातली मुले आपापले उत्तर देऊन मोकळी होत. त्या मुलांच्या हाती कोणी वीस पैलूंचा फासा दिला नाही, इतकाच फरक.

साधनसामग्रीची आपल्याकडे वाण नाही. मुंजा, हडळ, खवीस, समंध, झोटिंग, आसरा, देवचार : प्रत्येकाचे राहण्याचे ठिकाण वेगळे, अडवण्याची तऱ्हा वेगळी, उतारा वेगळा. 'मॉन्स्टर मॅन्युअल'ला लागणारे सर्व रकाने लोकसमजुतीने आधीच भरून ठेवले आहेत. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची 'दीपावली'तील चित्रे आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी रहस्यकथांसाठी रंगवलेली मुखपृष्ठे यांत तर कित्येक न लिहिलेल्या कथा थांबून आहेत. बुरख्यातील माणूस, अर्धवट उघडे दार, दिव्याच्या उजेडात एक हात. लेखनकार्यशाळेत असे एक मुखपृष्ठ, आतील कथा न दाखवता, पाच विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. एकाने सूत्रधार व्हावे, चौघांनी त्या चित्रात शिरावे आणि जेथे अडेल तेथे फासा टाकावा. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर निबंध मागवण्यापेक्षा यातून अधिक जिवंत गद्य हाती येण्याचा संभव आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने कलाकृतीची प्रत करण्यास स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. प्रकाशनाचा विचार असेल तर मात्र परवानगी लागेल. भारतात कलाकृतीवरील हक्क कलावंताच्या निधनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे दलालांच्या बाबतीत २०३१ च्या अखेरपर्यंत.

अडचण आहे ती अंक मिळण्याची. अमेरिकेत हक्कांचे नूतनीकरण न झालेली जुनी कॉमिक्स संग्राहकांनी पानन् पान संगणकावर चढवून सर्वांना खुली केली आहेत. अपेंडिक्स एनवर आधारित 'डंजन क्रॉल क्लासिक्स' (२०१२) सारखे नवे खेळ अशाच जतन केलेल्या वाचनावर उभे आहेत. आपल्याकडे इंद्रजाल आणि चांदोबा महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मुळात घेतलेच नाहीत, आणि घराघरांतले अंक रद्दीत गेले. दिवाळी अंक घेतले गेले, पण बांधणीला देताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती व आहे. मजकूर राहिला, दलाल-मुळगावकर गेले. जी ग्रंथालये जुने अंक अद्याप सुटे ठेवून आहेत, त्यांनी ते बांधणीवाल्याच्या हाती देताना चिठ्ठीत एक ओळ जास्त लिहावी : मुखपृष्ठासह बांधणे.